कोस्टा रिकातले पाच पक्षी, फील्ड गाईड पालथं घातलं तरी सापडेनात, मदत करा

चष्मेवाली
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी कोस्टा रिकाला जाऊन आले, आधी सारापिकीच्या बाजूला म्हणजे कॅरिबियन उतारावरच्या सखल जंगलात आणि मग पलीकडे पॅसिफिक बाजूला काराराला. जवळ मैत्रिणीचं १९८९चं स्टाइल्स-स्कच (तिथल्या पक्ष्यांचं जाडजूड फील्ड गाईड) होतं आणि फोनवर मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप. टूकॅन, मोटमोट, ट्रोगॉन असले ठळक गडी पटापट मिळाले, पण खालच्या पाचांनी डोकं खाल्लंय. परत आल्यापासून रोज पुस्तक काढते, पानं उलटते आणि अजून गोंधळून बंद करते.

पहिला काराराचा. चिमणीहून लहान, अंगानं हिरवा, पंख आणि शेपूट मात्र काळीकुळकुळीत. चोच काळी, लांब, खाली वाकलेली. पाय लाल. डोक्यावर आणि छातीवर मध्ये मध्ये निळे डाग, रंगारी अर्ध्यात काम टाकून जेवायला गेल्यासारखे. ग्रीन हनीक्रीपर म्हणावं तर त्याची चोच पिवळी दाखवलीय, आणि मादी म्हणावं तर मादीचे पंख इतके काळे कुठल्याच चित्रात नाहीत.

दुसरा सारापिकीला, लॉजसमोरच्या तारेवर. पिवळं पोट, डोक्यावर काळे-पांढरे पट्टे, पंखांच्या कडा तांबूस. तांबूस बघून मी डोळे झाकून ग्रेट किस्कडी लिहून टाकलं, पण फोटोत चोच अगदीच बारकी दिसतेय.

तिसरा पण तिथलाच, जंगलाच्या कडेला पाचसात जातींचा मिश्र थवा आला होता त्यात. वरून पोपटी, खालून राखाडीसर पांढरा, डोळ्याभोवती पांढरं कडं, पंखांवर दोन पिवळट पट्ट्या, शेपटी जरा उचलून धरायची सवय. ग्रीनलेट झाले, टोडी-फ्लायकॅचर झाले, एकही जुळेना.

चौथा शिकारी पक्षी आहे, उंच झाडाच्या उघड्या फांदीवर बसलेला, डोकं आणि पोट स्वच्छ पांढरं, टाळूवर काळा ठिपका, पाठ गडद. मी ब्लॅक-अँड-व्हाइट हॉक-ईगल लिहिलंय आणि तो माझा लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात) आहे, त्यामुळे कृपया हळू हाताने सांगा.

पाचवा म्हणजे एक मळकट छोटा फ्लायकॅचर. ऑलिव्ह-तपकिरी, पंखांवर दोन पट्ट्या, गप्प बसलेला. बस एवढंच. पुस्तकात असे वीस तरी आहेत.

---

टकाचोर
ताई, पहिला अगदी सोपा आहे, फक्त नेहमी छापतात त्या कपड्यांत नव्हता एवढंच. रेड-लेग्ड हनीक्रीपरचा नर. वीण संपली की हा नर आपला जांभळट निळा रंग उतरवतो आणि मादीसारखा हिरवा होतो, पण पंख आणि शेपूट काळीच ठेवतो. बदकांच्या नरांचं कसं होतं ना विणीनंतर, तोच प्रकार, याला एक्लिप्स प्लुमेज म्हणतात. तुम्हाला दिसला तो नेमका मधल्या अवस्थेत होता, निळी पिसं गळतायत आणि हिरवी येतायत, म्हणून ते डाग. हिरवं अंग + काळे पंख + लाल पाय हे तिन्ही एकत्र असलेला दुसरा कुणी तिथे नाही. उडताना पंखांच्या आतून लिंबासारखा पिवळा रंग चमकला का? तो दिसला असेल तर विषयच संपला.

विषुववृत्ताजवळच्या छोट्या पक्ष्यांत असं वर्षातून दोनदा कपडे बदलणारे फार थोडे, त्यामुळे आपल्याही डोक्यात येत नाही. आणि चित्रकाराला एका पानावर दहाबारा जाती बसवायच्या असतात, तो बिचारा सगळ्यात देखणा नर काढतो, शेजारी मादी काढतो आणि पुढे जातो. अर्धवट पिसं बदललेला पक्षी काढायला जागा कुठनं आणणार. पण स्टाइल्स-स्कचमध्ये चित्रांपेक्षा मजकूर भारी आहे, वर्णनाचा परिच्छेद नीट वाचला तर अशा गोष्टी सापडतात. लोक पुस्तक घेतात आणि फक्त चित्रं बघतात, मग म्हणतात सापडत नाही.

शायनिंग हनीक्रीपर कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, त्याच्या नराचे पाय पिवळे असतात.

---

भोरड्या
तिसरा चेस्टनट-सायडेड वॉर्बलर, पैज लावा.

हा तिथला रहिवासी नाहीच, पाहुणा आहे. वीण उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आणि कॅनडात, पण सप्टेंबरात मध्य अमेरिकेत उतरतो तो पार एप्रिलपर्यंत मुक्काम, म्हणजे वर्षातले जास्त महिने तो तिथेच काढतो. वसंतातल्या नराला पिवळी टोपी, काळी मिशी आणि कुशीला गडद तांबडी पट्टी असते, नावही त्यावरूनच. शरद ऋतूत यातलं जवळजवळ सगळं गायब, उरतं ते तुम्ही लिहिलंय तेच: पोपटी पाठ, राखाडी चेहरा, पांढरं कडं, पिवळट पट्ट्या. आणि शेपटी उचलून पंख जरा खाली पाडून फिरणं ही त्याची खूण, रंगापेक्षा मी तर तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो.

तुम्ही शोधत होतात ग्रीनलेट आणि टोडीमध्ये, म्हणजे गृहीत धरलंत की जंगलात दिसला म्हणजे तिथलाच असणार. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे गृहीत धरायचं नाही. त्या महिन्यांत मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या पट्टीतून उत्तरेकडचे पक्षी लोंढ्याने खाली येत असतात, आणि सगळे मळक्या कपड्यांत. अनोळखी हिरवट-राखाडी काही दिसलं की आधी पाहुण्यांची पानं बघायची.

---

सुगरण
दुसऱ्याबद्दल. फोटो मोठा करून चोच आणि डोकं यांची लांबी ताडून बघा. ग्रेट किस्कडीची चोच दणकट, जवळपास डोक्याइतकी लांब. सोशल फ्लायकॅचरची एकदम आखूड, चेहऱ्यावर उगाच चिकटवल्यासारखी. तुम्ही बारकी म्हणताय म्हणजे सोशल.

पण तांबूस कडांचं काय, असं विचाराल. तीच तर गंमत आहे. मोठ्या सोशलला तांबूस नसतं, पण त्याच्या पिल्लाला म्हणजे जुवेनाईलला पंखांच्या आणि शेपटीच्या पिसांना तांबूस कडा असतात, आणि त्यातच भले भले फसतात. जुवेनाईलचा डोळ्यावरचा काळा पट्टाही जरा फिका असतो, तेही बघा फोटोत.

तिथे या साच्यातले बरेच आहेत. बोट-बिल्ड फ्लायकॅचरची चोच तर होडीसारखी रुंद आणि अजस्र, पाठ ऑलिव्ह-तपकिरी. ग्रे-कॅप्डची टोपी राखाडी आणि पांढरी भुवई कपाळापुरतीच. व्हाइट-रिंग्ड झाडांच्या शेंड्यांवर राहतो आणि त्याच्या दोन्ही भुवया मानेमागे जुळतात. सारापिकीला हे सगळेच्या सगळे भेटू शकतात, एकाच दिवशी सुद्धा. म्हणून पिवळं पोट बघायचंच नाही, ते सगळ्यांना आहे. चोच, भुवई कुठे संपते, पंखांच्या कडा, आणि आवाज. किस्कडी तर आपलं नावच तीन तुकड्यांत ओरडून सांगतो.

---

चष्मेवाली
बापरे, एवढी उत्तरं! टकाचोर, उडताना पिवळं चमकलं होतं, मला वाटलं पानावरचं ऊन असेल म्हणून वहीत लिहिलंच नाही. पहिला मिटला. सुगरण, चोच मोजली, डोक्याच्या अर्धी पण नाही, आणि डोळ्यावरचा पट्टा खरंच काळ्यापेक्षा करडा आहे, म्हणजे पिल्लूच. वॉर्बलर पण पटला, शेपटीचं वाचल्यावर तर लगेच.

चौथ्याबद्दल कुणी बोलत नाहीये, मला भीती वाटायला लागलीय.

---

कावळेकाका
घाबरू नका, हॉक-ईगलच आहे. पांढरं डोकं, पांढरं पोट, काळी टाळू, गडद पाठ, अजून काय पाहिजे? मी तुमचा फोटो मर्लिनला घातला, त्यानेही तेच पहिलं दिलं.

---

निवांत नाना
काका, थांबा जरा. ॲपने पहिलं नाव दिलं म्हणजे निकाल लागला असं नसतं, खाली दुसरं-तिसरं नाव कोणतं दिलंय ते पण बघत चला. याच्यात दुसरं ग्रे-हेडेड काइट आलं असणार.

ताई, मला फक्त पायांबद्दल सांगा. गुडघ्याखाली पाय पिसांनी झाकलेले होते, पांढऱ्या पायमोज्यांसारखे थेट बोटांपर्यंत? का उघडे पिवळे होते? आणि चोच आणि डोळा यांच्या मधली जागा काळी की पिवळी?

हॉक-ईगल हे खरे गरुड-घराण्यातले, त्यांच्या पायांवर बोटांच्या मुळापर्यंत पिसं असतात. ब्लॅक-अँड-व्हाइटचा डोळ्यापुढचा भाग काळा, त्यामुळे काळी पट्टी बांधल्यासारखा चेहरा दिसतो आणि चोचीच्या मुळाशी नारिंगी रंग उठून दिसतो. ग्रे-हेडेड काइट मोठेपणी राखाडी डोक्याचा होतो, पण लहानपणी, त्यातल्या फिक्या रूपात, डोकं पांढरं, टाळूवर काळा ठिपका, पोट पांढरं. लांबून बघितलं तर हुबेहूब छोटा हॉक-ईगल. पाय मात्र आखूड, उघडे, पिवळे आणि डोळ्यापुढचा भागही पिवळा.

हे साधर्म्य योगायोगाने आलेलं नसावं असं काही पक्षितज्ज्ञांचं म्हणणं आहे. काइट हा तसा गरीब पक्षी, गांधीलमाशांची पोळी वगैरे खाणारा, तेव्हा पिल्लाने दांडग्या गरुडाचा वेष घेतला तर इतर शिकारी दोन हात लांब राहतात. आपला पावशा शिक्र्यासारखा दिसतो त्याच जातीचा हा मामला.

---

कावळेकाका
नाना, तुमचं बरोबर असेल, पण एवढ्या लांबून पायाची पिसं कुणाला दिसतात हो? पुस्तकात लिहिणं सोपं असतं. आम्ही तिथे मान मोडून वर बघत असतो, मागे पांढरंधोट आभाळ, पक्षी सगळा काळा दिसतो, त्यात तुम्ही डोळ्यापुढचा भाग विचारताय. आणि ॲप आहे म्हणून तर माझ्यासारखे लोक पक्षी बघायला लागले, नाहीतर त्या जाड पुस्तकाला घाबरून घरीच बसलो असतो.

---

निवांत नाना
काका, ॲपला मी नावं ठेवत नाही, मी स्वतः वापरतो. जागा आणि तारीख दिली की तिथे त्या काळात नसणारे पक्षी ते आधीच बाजूला काढतं, हे काम पुस्तकात आपल्याला नकाशे बघून करावं लागतं. पण फोटोवरून ते एकूण ठेवण बघतं आणि इथे तर ठेवणच नक्कल केलेली आहे. अशा वेळी कुठला एक अवयव बघायचा हे माणसालाच माहीत असावं लागतं.

उजेडाचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. दाट जंगलात रंगावर विश्वास ठेवायचाच नाही. शेंड्यावरचा पक्षी मागच्या आभाळामुळे काळा दिसतो, खालचा पानांतून गाळून आलेल्या हिरव्या उजेडात हिरवट दिसतो. हमिंगबर्डचं तर विचारू नका, गळ्याची चमक पिसांच्या रचनेमुळे येते, जांभळ्या रंगद्रव्यामुळे नाही, त्यामुळे मान जरा वळली की झगझगीत जांभळा गळा क्षणात काळा होतो. पुस्तकात तो कायम जांभळा. म्हणून अशा ठिकाणी चोचीचा आकार, शेपटीची लांबी, बसण्याची पद्धत, जमिनीपासून किती उंचीवर होता, एकटा की थव्यात, हे आधी टिपायचं आणि रंग शेवटी.

---

चष्मेवाली
नाना, फोटो परत काढला, एवढा मोठा केला की सगळे चौकोन चौकोन दिसायला लागले. पाय पिवळे आहेत. उघडे आहेत. आखूड आहेत. डोळ्यापुढे काळं काही नाही, पिवळटच दिसतंय. माझा लायफर गेला 😭

---

टकाचोर
गेला कुठे, बदलला फक्त! ग्रे-हेडेड काइट आधी बघितला होतात का? नाही ना, मग हा पण लायफरच की.

---

चष्मेवाली
अरे हो की!! मग चालतंय.

आता एक सांगा, चुकतं कुठे? म्हणजे मी पक्षी दिसला की लगेच पुस्तक उघडते आणि चित्रं बघत सुटते. त्या देशात ९००च्या वर जाती आहेत म्हणे, फ्लायकॅचरच्या पानांवर आले की सगळे सारखेच. हे सगळं डोक्यात ठेवणारे लोक ठेवतात कसं?

---

निवांत नाना
कुणी डोक्यात ठेवत नाही हो. ५१ हजार चौरस किलोमीटरच्या चिमुकल्या देशात एवढ्या जाती मावतात कारण तो देश उभा-आडवा कापला गेलाय. मधून डोंगरांची रांग, चिरिपो शिखर ३,८२० मीटर, एका बाजूला कॅरिबियन उतार, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, आणि प्रत्येक उतारावर उंचीप्रमाणे वेगळे पक्षी. म्हणजे एका जागी उभं राहिलं की ९०० नसतातच मुळी. तुमचं काम एवढंच, जे तिथे असूच शकत नाहीत त्यांना आधी हाकलायचं.

सारापिकी आणि कारारा तुम्ही दोन्ही पाहिलंत म्हणून तिथलीच उदाहरणं देतो. सारापिकीला कॉलरवाला मनाकिन दिसला तर व्हाइट-कॉलर्ड, काराराला दिसला तर ऑरेंज-कॉलर्ड. अरासारी, म्हणजे तो छोटा टूकॅन, कॅरिबियन बाजूला कॉलर्ड आणि दक्षिण पॅसिफिकला फायरी-बिल्ड. डोंगर मध्ये आला आणि एकाचे दोन झाले. पुस्तकात या जोड्या शेजारी शेजारी काढलेल्या असतात आणि आपण भिंग घेऊन गळ्याचा रंग तपासत बसतो, खरं तर आपण डोंगराच्या कुठल्या बाजूला उभे आहोत एवढं आठवलं तरी अर्धी पानं गळतात. उंचीचंही तसंच. झाडाच्या खोडावर चढणारा रेघारेघांच्या डोक्याचा वुडक्रीपर सखल भागात, बागेत, तुरळक झाडांत दिसला तर स्ट्रीक-हेडेड, आणि वर थंड डोंगरी जंगलात त्याचा भाऊबंद स्पॉट-क्राउन्ड. चित्रात दोघं जुळे वाटतात.

माझा क्रम सांगतो, कुणाला पटो न पटो. पक्षी दिसतोय तोवर पुस्तक उघडायचं नाही. बघत राहायचं आणि तोंडाने पुटपुटायचं, चोच अशी, भुवई इथपर्यंत, पट्ट्या दोन, शेपटी हलवतो, फांदीवरून उडून परत तिथेच येतो. उडून गेला की वहीत लिहायचं, जमलं तर वाकडंतिकडं चित्र काढायचं, आणि मगच पुस्तक. एकदा छापील चित्र बघितलं की डोळा लबाडी करतो, जे दिसलं नव्हतं ते पण दिसलं होतं असं वाटायला लागतं. तुमचं ते पिवळं चमकलेलं वहीत आलं असतं तर पहिला पक्षी तिथेच सुटला असता.

---

भोरड्या
+१ नाना, आणि माझी एक भर. नर-मादीच्या चित्रांवर पण डोळे मिटून जाऊ नका. व्हाइट-नेक्ड जॅकोबिन नावाचा हमिंगबर्ड आहे, सारापिकीला फीडरवर नक्की बघितला असणार तुम्ही, निळं डोकं, मानेवर पांढरा डाग, पांढरं पोट. सगळी पुस्तकं सांगतात हा नर, मादी हिरवी आणि गळ्यावर खवले. २०२१मध्ये पनामातल्या पक्ष्यांवरचा अभ्यास आला, त्यात मोठ्या माद्यांपैकी जवळपास २० टक्के अगदी नरासारख्या निळ्या-पांढऱ्या निघाल्या. का, तर अशा माद्यांना फुलांवर, फीडरवर बाकीचे कमी त्रास देतात. म्हणजे तुम्ही फीडरवर दहा नर मोजले असतील तर त्यात बायका किती होत्या देव जाणे 😄

---

सुगरण
जुन्या पुस्तकाबद्दल पण बोलायला हवं. १९८९चं स्टाइल्स-स्कच सवयी, घरटी, आवाज यांसाठी आजही सोनं आहे पण नावं बरीच बदललीयत आणि मग ॲपमध्ये शोधलं की मिळत नाही, माणूस समजतो आपलंच चुकलं. ग्रीन व्हायोलेट-इअर या हमिंगबर्डचे २०१६मध्ये दोन झाले, तिथला आता लेसर व्हायोलेटइअर. मॅग्निफिसंट हमिंगबर्डचे २०१७मध्ये दोन झाले, तिथला टालामांका हमिंगबर्ड. ग्रे-नेक्ड वूड-रेलचे पण दोन केले. या तिन्हींत जुनं नाव ॲपमध्ये शोधून काही हाती लागत नाही, पक्षी मात्र तोच.

उलटंही होतं. काळाभोर, पाठीवर लालभडक चट्टा असलेला टॅनेजर बघितलात ना दोन्हीकडे? तो मध्यंतरी दोन जाती होता, कॅरिबियनला पासेरिनीज आणि पॅसिफिकला चेरीज, २०१८मध्ये परत एक करून स्कार्लेट-रम्प्ड टॅनेजर केला. नर दोन्हीकडचे सारखेच, पण माद्या बघा, पॅसिफिककडच्या मादीच्या छातीवर आणि पाठीखाली चांगला नारिंगी रंग असतो, कॅरिबियनकडची साधी. जात एक असली तरी कुठल्या बाजूची मादी ते वहीत लिहून ठेवा, पुन्हा कधी तोडतील सांगता येत नाही.

---

कावळेकाका
म्हणजे माणसाने पुस्तक घ्यायचं, ॲप घ्यायचं, डोंगराची बाजू लक्षात ठेवायची, वर नावं बदलली का ते बघायचं. यापेक्षा कबुतरं बघितलेली बरी.

---

टकाचोर
काका, कबुतरांत तर अजून रडारड आहे, तिथली जंगलातली लेप्टोटिला कबुतरं बघा एकदा, सगळी तपकिरी आणि सगळी जमिनीवर अंधारात 😂

---

चष्मेवाली
😂😂 पाचवा राहिला की हो. आता मी नीट वहीतलं सांगते. सारापिकीला, ओढ्याकाठच्या झुडपात, डोक्याच्या उंचीवर. पाठ तपकिरीकडे झुकणारी ऑलिव्ह, गळा पांढरट, डोळ्याभोवतीचं कडं असेल-नसेल असं. पंखांवर दोन फिक्या पट्ट्या. शेपटीला मधूनच झटका द्यायचा. किडा पकडायला उडाला की परत वेगळ्याच फांदीवर बसायचा. आवाज नाही. फोटो एक आहे, पाठमोरा.

---

भोरड्या
शेपटीचा झटका आणि वेगळी फांदी म्हणजे पीवी (असाच एक मळकट फ्लायकॅचर) नाही, पीवी बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येऊन बसतो आणि शेपटी अशी झटकत नाही. एम्पिडोनॅक्स या एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या फ्लायकॅचरांच्या गटातला आहे. कडं ठळक असतं तर अकेडियनचा विचार केला असता, गळा पिवळा असता तर यलो-बेलीडचा. कडं असेल-नसेल आणि पाठ तपकिरीकडे म्हणजे विलो किंवा आल्डर.

आणि इथे गाडी थांबते. हे दोघं १९७३पर्यंत एकच जात मानले जायचे, ट्रेल्स फ्लायकॅचर नावाने. वेगळे केले ते मुख्यतः आवाजावरून. गप्प बसलेला पक्षी असेल तर हातात धरून पण खात्रीने सांगणं अवघड. विलो थोडासा कोरडा 'व्हिट्' करतो, आल्डर 'पिप्'. सप्टेंबर अखेर म्हणजे दोघंही तिथून जात असणार, आल्डर पुढे दक्षिण अमेरिकेत उतरतो, विलो काही तिथेच थांबतात. तारखेचाही उपयोग नाही.

---

चष्मेवाली
म्हणजे लिहू काय? रिकामं सोडवत नाही.

---

निवांत नाना
रिकामं कशाला सोडताय? ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या साइटवर, आल्डर/विलो अशी जोडीची नोंद करायची सोय आहे, ती निवडा, आणि शेऱ्यात कडं, पाठीचा रंग, शेपटीचा झटका, गप्प होता, एवढं लिहा. तेवढीही खात्री नसेल तर नुसतं एम्पिडोनॅक्स एसपी., म्हणजे त्या गटातली कुठली तरी जात. या नोंदी कमी प्रतीच्या नसतात, उलट तपासणारा माणूस त्या बघून तुमच्या बाकीच्या नोंदींवर जास्त भरवसा ठेवतो. टिरॅनिडी म्हणजे या फ्लायकॅचरांच्या कुटुंबात ४००च्या वर जाती आहेत, पक्ष्यांतलं सगळ्यात मोठं कुटुंब, त्यात काही जण असे आल्डर/विलोसारख्या तिरक्या रेघेच्या जोडनोंदीतच राहायचे.

पुढच्या वेळी मात्र असा गप्प मळकट दिसला की कॅमेरा खाली ठेवा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून दहा मिनिटं उभ्या राहा. एखादा 'व्हिट्' जरी मिळाला तरी इथे टाका. मिळालेला आवाज झेनो-कँटोवरच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघायचा, ती साइट २००५मध्ये सुरूच मुळी दक्षिण अमेरिकेच्या पक्ष्यांसाठी झाली होती, त्यामुळे त्या बाजूच्या पक्ष्यांचा साठा चांगला आहे.

---

सुगरण
आणि ताई, चेकलिस्ट भरताना मोटमोटचं नाव बघून घ्या. जुन्या पुस्तकात ब्लू-क्राउन्ड आहे, आता तिथल्याला लेसन्स मोटमोट म्हणतात. पण तुमचा काराराचा होता की सारापिकीचा? सारापिकीचा असेल तर आधी ब्रॉड-बिल्ड आणि रूफस मोटमोट बघा, दोघांचीही डोकी तांबूस असतात आणि छातीवर काळा ठिपका असतो. रूफस अंगाने बराच मोठा आणि त्याचा तांबूस रंग पोटापर्यंत उतरतो, ब्रॉड-बिल्डचं पोट हिरवट आणि हनुवटी निळसर हिरवी. फोटो असेल तर टाका, बघून सांगते.